बॉक्सवर अठरा भाले, आत बारा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय: एल्फ भालाईत पलटणीच्या संचात शस्त्रे कमी असणे आणि जोडणीच्या पत्रकातील चुकीची सूचना

महोदय / महोदया,

तुमच्या ऑनलाइन दुकानातून मी एल्फ भालाईतांचे (कल्पनाकथांतल्या एल्फ योद्ध्यांच्या, टेबलावरच्या युद्धखेळासाठी सुटे भाग जोडून करायच्या छोट्या पुतळ्यांचे, म्हणजे मिनींचे) दोन संच मागवले, एक माझ्यासाठी आणि एक भाच्यासाठी. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. झाकणावरच्या चित्रात वीस एल्फ पाच-पाचच्या चार रांगांत उभे आहेत आणि ध्वजधारी व शिंग फुंकणारा (शिंगवाला) सोडले तर बाकी अठराही जणांच्या हातात भाला आहे. बॉक्सच्या मागे छापले आहे की संपूर्ण पलटण भाल्यांनी किंवा तलवारींनी सज्ज करता येते. प्रत्यक्षात प्रत्येक बॉक्समध्ये बारा भाले आणि आठ तलवारी निघाल्या. म्हणजे भाल्यांची पलटण उभी होत नाही आणि तलवारींचीही होत नाही.

ग्राहक सेवेत ज्यांनी हा संच कधी हातात घेतला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. बॉक्समध्ये दोन एकसारखे स्प्रू (सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) आहेत. प्रत्येकावर दहा धडे, सहा भालेवाले हात, चार तलवारवाले हात, शिवाय ध्वजाचा आणि शिंगाचा जादा हात. हात आणि शस्त्र एकाच तुकड्यात ओतलेले असल्यामुळे नुसता भाला बदलता येत नाही. त्यातच खांद्याच्या खुंट्या प्रत्येक धडासाठी वेगळ्या घडवल्या आहेत. ‘क’ धडाच्या खोबणीत ‘ड’चा हात जातच नाही, गोंद लावण्याआधी सगळे हात नुसते लावून पाहिले तेव्हाच हे कळले. म्हणजे सहा धडे भाल्यांची, चार तलवारींची, हे साच्यातच ठरून गेले आहे. मग ‘किंवा’ हा शब्द बॉक्सवर कशाच्या आधारावर छापला?

आता तुमचीच नियमपत्रिका पाहा. ती याच बॉक्समध्ये आहे. पलटणीतल्या सगळ्यांचे शस्त्र एकच असले पाहिजे आणि मिनीच्या हातात जे दिसते तेच शस्त्र खेळात धरायचे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. भाला घेतला की दर मिनीमागे एक गुण जादा मोजायचा आणि त्या बदल्यात दुसरी रांगही लढते. याच फायद्यासाठी लोक भालाईत घेतात. तुमच्या संचातून, तुमच्याच नियमात बसणारी वीसची पलटण उभी करता येत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आम्ही दोन्ही बॉक्स एकत्र करूनही पाहिले. भाले झाले चोवीस, त्यामुळे एक भाल्यांची पलटण होते. दुसऱ्या पलटणीला ध्वजधारी आणि शिंगवाला वगळून अठरा तलवारी हव्यात. दोन बॉक्स मिळून आहेत सोळा. दोन संचांचे पैसे मोजूनही दोन पलटणी पुऱ्या होत नाहीत.

मी फोन केला तेव्हा तीन उत्तरे मिळाली. पहिले, झाकणावरचे चित्र ‘केवळ कल्पनेसाठी’ आहे. पण ते रेखाचित्र नाही, रंगवलेल्या मिनींचा फोटो आहे. त्यातले अठरा भालाईत कुठून आणले, हे मला लेखी कळवा. दुसरे, हाताच्या सांध्यात चुंबक बसवा म्हणजे शस्त्रे अदलाबदल करता येतील. मोठ्या राक्षसाला किंवा ड्रॅगनला चुंबक मीही बसवतो. पण अदलाबदल करायला दुसरा हात तर हवा! जो भालेवाला हात बॉक्समध्येच नाही, त्याला चुंबक लावायचे कसे? तिसरे उत्तर मला सर्वांत जास्त लागले: ‘सुटे भाग स्वतः घडवणे हा छंदाचाच भाग आहे.’ आहेच. हिरव्या पुटीने झगे घडवणे, एका संचाचे डोके दुसऱ्याला बसवणे, हे मी हौसेने वर्षानुवर्षे करतो आणि पुढेही करणार. पण ती माझी मर्जी आहे. तुमच्या स्प्रूवर जे कमी पडले ते भरून काढण्याची सक्ती म्हणजे छंद नव्हे.

तरी मी ते करून पाहिले. काही तलवारवाल्यांची मूठ रिकामी केली, हाताने फिरवायच्या ड्रिलने तिच्यातून 1 मिमीचे भोक पाडले आणि पितळी तारेचा भाला ओवला. 28 मिमी मापाच्या एल्फची मूठ केवढी असते ते तुम्हाला ठाऊक असेलच. ड्रिल केसभर सरकला तरी बोटांचा भाग चिरतो. दोन हात तसेच वाया गेले. जे जमले तेही चित्रासारखे दिसत नाहीत, कारण तलवारीसाठी वाकलेल्या मनगटात भाला तिरका उभा राहतो आणि रांगेत पुढच्याच्या पाठीत घुसतो.

भाल्यांबद्दल आणखी एक. स्प्रूला भाला जिथे जोडलेला आहे तो सांधा दांड्याच्या अगदी मध्यावर आहे आणि दांड्यापेक्षा जाड आहे. चांगला धारदार निपर (भाग कापायची पक्कड) वापरला, आधी लांबून कापून मग जवळून कापले, तरी दांडा तिथे पांढरा पडतो आणि कानस लावताना मोडतो. आधीच बारा, त्यातले हे असे गेले. सांधा मुठीजवळ किंवा बुडाशी ठेवला असता तर हे टळले असते. साचे बनवणाऱ्या विभागापर्यंत एवढे पोचवा.

दुसरी तक्रार जोडणीच्या पत्रकाची. पलटणीचा नायक वेगळ्या पिशवीत येतो आणि तो रेझिनचा आहे, बाकी सगळे पॉलिस्टायरिन या नेहमीच्या प्लास्टिकचे. पत्रकात मात्र सर्व भागांसाठी ‘प्लास्टिक सिमेंट वापरा’ एवढीच सूचना आहे. प्लास्टिक सिमेंट पॉलिस्टायरिनचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते. रेझिनवर त्याचा काही परिणाम होत नाही, तिथे सुपरग्लूसारखा गोंद लागतो. साच्यातून सुटावे म्हणून रेझिनला लावलेला तेलकट थर आधी कोमट साबणपाण्याने धुवावा लागतो, तेही पत्रकात नाही. मला हे ठाऊक होते. भाच्याचा हा पहिलाच संच. त्याने तुमचे पत्रक शब्दशः पाळले, आणि प्रायमर मारून रंगाचा पहिला हात दिल्यावर नायकाचा तलवारीचा हात गळून पडला. पोरगा मनापासून बसला होता, आणि आता त्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. चूक पत्रकाची आहे.

‘उघडलेला बॉक्स परत घेतला जात नाही’ हे धोरणही मला ऐकवले गेले. बॉक्स प्लास्टिकच्या वेष्टनात बंद येतो. तो उघडल्याशिवाय भाले मोजायचे कसे? संकेतस्थळावर स्प्रूचा फोटो नाही, बॉक्सवर सुट्या भागांची संख्या नाही. ग्राहकाला आधी कळायचा एकही मार्ग तुम्ही ठेवलेला नाही.

माझी मागणी अशी. दोन्ही संचांसाठी प्रत्येकी सहा भालेवाले हात, तेही तलवारीच्या धडांत बसतील असे, किंवा ते नसतील तर जादा स्प्रू विनामूल्य पाठवा. यातले काहीच शक्य नसेल तर दोन्ही संच परत घेऊन पोस्टेजसह पूर्ण रक्कम द्या. भाच्याच्या नायकाचा बदली भाग द्या. नवे बॉक्स छापून होईपर्यंत निदान संकेतस्थळावर आजच ‘12 भाले, 8 तलवारी’ असे लिहा आणि स्प्रूचा फोटो टाका. पत्रकात रेझिनची सूचना घाला. त्याला एक ओळ पुरते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एक महिन्यात तिचे निवारण करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. मालाबद्दल खोटे वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणारी ठरते. मुदतीत समाधान झाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: बिल, दोन्ही बॉक्सच्या झाकणांचे व मागच्या बाजूचे फोटो, चारही स्प्रूंचे कापण्याआधीचे फोटो, मोडलेल्या भाल्यांचा आणि नायकाच्या सुटलेल्या हाताचा फोटो. मूळ वस्तू माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. पाहायच्या असल्यास तुमच्या खर्चाने मागवून घ्याव्यात.

आपला,
(सही)
नाव व पत्ता बिलावर असल्याप्रमाणे
पुणे