मिरजेच्या स्टुडिओवाल्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, आणि ज्यांच्या घरी तुम्ही काढलेले लग्नाचे अल्बम आहेत ते चार ओळींत ओळखतीलच. परवा दुकानातून निघताना घसा असा दाटून आला होता की साधं "येते" म्हणणंही जमलं नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. मागच्या वर्षी आई शेवटचे पाच आठवडे घरीच होती. सलाईन लावलं की मी समोर बसून असायची. नळीच्या वरच्या त्या पारदर्शक कुपीत थेंब फुगायचा, लांबायचा, तुटायचा. सिस्टर चाक फिरवून वेग कमी करून जायच्या आणि मी एकेक थेंब मोजत बसायची. आई गेल्यावर उरलेली औषधं दुकानात परत केली, पण न फोडलेला एक सेट कपाटात तसाच राहिला. तो पडणारा थेंब मला एकदा थांबलेला बघायचा होता. एवढंच हवं होतं.

त्यासाठी मी कुठे कुठे गेले! दोन दिवसांच्या एका कार्यशाळेत पैसे भरले. तिथले सर म्हणाले, शटर स्पीड वाढवा. वाढवला, तर फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोचा अर्धा भाग काळा. ते म्हणाले, कॅमेरा दाखवून घ्या. एका मोठ्या दुकानात सांगितलं, आधी मॅक्रो लेन्स घ्या, सेन्सरवाला ट्रिगर घ्या, मग बोलू. आणि काउंटरवरचा मुलगा शेजाऱ्याकडे बघत म्हणाला, "घरात बसून पाण्याचे फोटो कशाला काढायचेत मॅडम?" हे वाक्य मला अजून टोचतं. ज्याला येत नाही त्याने "येत नाही" म्हणावं. समोरच्याला वेड्यात काढायचं काय कारण?

तुमच्याकडे आले ती पासपोर्टच्या फोटोसाठी. कॅमेऱ्याची बॅग खांद्याला होती, कारण तिथून तो दुरुस्तीला टाकायला जायचं होतं. तुमच्या काउंटरच्या काचेखाली एक पिवळं पडलेलं कात्रण दिसलं, दुधाच्या थेंबाचा मुकुट. अमेरिकेत एमआयटीतल्या हॅरोल्ड एजर्टन यांनी १९५७ साली टिपलेला तो थेंब, हे तुमच्याकडूनच कळलं. मी धीर करून बॅगेतून सलाईनची नळी काढली आणि म्हटलं, मला असं काहीतरी करायचंय.

तुम्ही नळीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. एक प्रश्न विचारला नाहीत. उठलात आणि दुकानाचं शटर खाली ओढलंत.

काका, लग्नसराईचे दिवस होते. दुपारचे चार वाजले होते, हीच तर तुमची गिऱ्हाइकीची वेळ. शटरखालून रस्त्यावरच्या उन्हाची एक पट्टी आत येत होती, तर आतून जुन्या प्लेट कॅमेऱ्याचं काळं कापड आणून तुम्ही ते त्या फटीत गुडघ्यांवर बसून कोंबलंत. तुमचे गुडघे दुखतात हे उठताना भिंतीला धरलंत तेव्हा दिसलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. तुम्ही आतूनच ओरडलात, "अर्ध्या तासानं या!" मी फक्त पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक होते आणि माझ्यासाठी तुम्ही दुकान बंद केलंत. आई गेल्यापासून कुणी माझ्यासाठी आपलं काम असं बाजूला ठेवलं नव्हतं.

बाकी काय केलंत ते तर सगळं साधंच होतं. डार्करूमचा जुना काळा ट्रे, त्यात पाणी, वर स्टँडला सलाईनचा सेट. थेंब पडतो तिथे पेन्सिल आडवी धरून हाताने फोकस, मग पेन्सिल काढून घेतली. अगदी जवळून टिपता यावं म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये तुमच्याकडची एक रिकामी रिंग. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/६४ वर आणि त्याचं तोंड मागच्या पडद्याकडे. मी सवयीने शटर स्पीडला हात लावला, तर म्हणालात, "शटर सोडा हो ताई. ते राहू दे सेकंदभर उघडं. अंधारात फोटो फ्लॅश काढतोय."

घरी येऊन मी हिशेब मांडला. अर्ध्या मीटरवरून पडलेला थेंब पाण्याशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास असतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण सेकंदाचा हजारावा भाग पेटला, तरी तेवढ्यात थेंब तीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच लांबीइतका. मग तो पुसटच येणार! ताकद कमी केली की उजेड थोडा पडतो, पण लखकन येऊन विझतो, वीस हजाराव्या भागात. तेवढ्यात थेंब पाव मिलिमीटरही हलत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे एक वाक्य कुणी बोललं नाही.

फ्लॅशचं बटण तुम्ही माझ्याच हातात दिलंत. पहिले साठेक फोटो वाया गेले. कधी नुसतं पाणी, कधी नुसती वलयं. तुम्ही अंधारात शेजारी उभे होतात आणि प्रत्येक वेळी फक्त "पुढचा" म्हणत होतात. एकदाही "द्या इकडे" म्हणाला नाहीत. शिकवणाऱ्याला हे किती अवघड जातं ते मला माहीत आहे, मी शिक्षिकेची मुलगी आहे. मग एकदा पाण्यातून काचेसारखा खांब वर आलेला सापडला. तेव्हा तुम्ही माझ्याहून मोठ्याने "आला!" म्हणालात.

माणसं चांगली असतात हे आई कायम म्हणायची. गेल्या वर्षभरात मला ते पटेनासं झालं होतं. बिलं, सह्या, रांगा, "उद्या या" म्हणणारे, फोन न उचलणारे. परवा त्या अंधारात उभी असताना आईचं म्हणणं पुन्हा पटलं, हे तुम्हाला कळायला हवं.

आणि एक तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्याकडचा एक फोटो रात्री मोठा करून पाहिला. खाली पाण्याचा खांब, त्याच्या वर अजून पडायचा असलेला दुसरा थेंब. त्या थेंबात तुमचा मागचा रंगवलेला पडदा आहे. बाग, कारंजं, पायऱ्या, सगळं उलटं, पण रंगासकट.

पासपोर्ट फोटोचे तेवढे घेतलेत आणि बाकीचे पैसे घेतले नाहीत. मंगळवारी त्या थेंबाची प्रिंट काढायला तुमच्याकडेच येते आहे. दोन प्रती काढायच्या, एक आईच्या खोलीत आणि एक तुमच्या काउंटरच्या काचेखाली. दोन्हींचे पैसे मी देणार.

तुमची,
सलाईनची नळी घेऊन आलेली ताई