पालकमंत्री महोदय, आमची लाकडी जमीन कुठे आहे?

माननीय पालकमंत्री महोदय,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण आठांपैकी एक अंग सध्या जाड काळ्या बुटात आहे. तेव्हा साधाच नमस्कार.

मी कथकच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आपल्याला आठवणार नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आपण आमच्या कॉलेजात महोत्सवाच्या उद्घाटनाला आलात, तेव्हा चौकात पेव्हर ब्लॉकवर गणेशवंदना करणाऱ्या सात मुलींतली डावीकडून तिसरी मी. आपल्याला यायला दोन तास उशीर झाला होता. तेवढा वेळ आम्ही नटूनथटून, घुंगरू बांधून उन्हात उभ्या होतो, कारण बसलं की पोशाख चुरगळतो. असो, आपली कामं मोठी असतात.

नंतर भाषणात आपण म्हणालात, "या लेकी फरशीवर नाचतात हे आपल्याला शोभत नाही. जूनच्या आत जिल्हा नियोजनाच्या निधीतून लाकडी जमिनीचा नृत्यकक्ष देतो." टाळ्या कडाडल्या. आम्हाला नृत्य शिकवणाऱ्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फेब्रुवारीनंतर दोन जून झाले. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्रीच असतात, हे आम्हाला नागरिकशास्त्रात होतं. म्हणजे मागणारेही आपण आणि देणारेही आपणच. मग अडलं कुठे?

आमचा नृत्यवर्ग म्हणजे जुनी स्टोअररूम. सिमेंट काँक्रीटवर चिकटवलेली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, कोपऱ्यात छतापर्यंत रचलेले मोडके बाक. लाकडी जमिनीखाली बत्त्यांची, म्हणजे लाकडी पट्ट्यांची, जाळी असते, तिथे पोकळी राहते, पाय आपटला की जमीन थोडी दबते आणि धक्का पिऊन टाकते. काँक्रीट काही पीत नाही. सगळा धक्का नडगीत परत येतो.

हिशेब करून पाहा. मिनिटाला साठ मात्रांची, म्हणजे तालाच्या ठोक्यांची, लय धरली तर सेकंदाला एक मात्रा. तत्कार म्हणजे कथकचं मूळ पायांचं काम; त्याची चौगुन, म्हणजे चौपट वेग, धरली की सेकंदाला चार आघात, दहा मिनिटांत २४००. आम्ही रोज चौगुन निदान अर्धा तास करतो. तीन वर्षांचा आकडा मी काढला होता, पंचवीस-तीस लाखांच्या घरात गेला. तोही सुट्ट्या वजा करून. थोडाफार इकडेतिकडे झाला तरी आपल्या खात्यांच्या आकड्यांपेक्षा खराच असेल.

ऑक्टोबरात उजव्या नडगीत बोट ठेवलं तरी कळ यायला लागली. आधी बाम, मग क्रेप बँडेज, मग आईची हळद. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. ६५०० रुपये भरून एमआरआय काढला, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. ते पैसे बाबांनी टेम्पोच्या टायरांसाठी ठेवले होते. डॉक्टरांनी विचारलं, "धावतेस का?" म्हटलं, नाचते. "कुठे?" म्हटलं, पदवीला. ते हसले. हसण्यासारखंच होतं.

पाचव्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा हुकली. गुणपत्रिकेत 'अनुपस्थित' आलं. मेडिकल सर्टिफिकेट घेऊन खिडकीवर गेले, तर उत्तर मिळालं, "लेखी पेपर असता तर लेखनिक दिला असता." मी विचारलं, मग नर्तनिक मिळेल का? त्यांनी खिडकी लावून घेतली. आता एटीकेटी.

बाकीचंही सांगते, नाहीतर आपल्याला वाटेल नुसती फरशी खराब आहे. ताई तासिका तत्त्वावर आहेत. मानधन तीन-चार महिन्यांनी एकदम येतं, आलं तर. सकाळी आमचे तास घेऊन त्या संध्याकाळी स्कूटरवर तीन ठिकाणी खासगी क्लास घ्यायला जातात. तबल्याला माणूस नाही, तेव्हा मोबाइलमधल्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल दाखवणाऱ्या धूनवर, आम्ही रियाज करतो. मध्ये फोन आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गायब. कथकच्या पदवीला तबलजी नसणं म्हणजे केमिस्ट्रीला बेसिन नसणं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हणे कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको. आमच्याकडे भिंत नाहीच. वर्ग आणि भंगार एकाच खोलीत आहेत. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण देता, सगळी गल्ली पोरींना क्लासला घालते. त्यातली एखादी खरंच पदवीला आली की तिला स्टोअररूम दाखवता.

आणि तंजावर! भाषणात आपण तिथल्या मराठा सरफोजीराजांचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलंत. त्यांच्या दरबारी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी भरतनाट्यमचा मार्गम, म्हणजे सादरीकरणाचा ठरलेला क्रम, बसवला. हा प्रश्न आम्हाला दहा गुणांना येतो, त्यामुळे पाठ आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली, तिथे आज नृत्याची पदवी मिळते. मराठी माणसाने नाचाला राजाश्रय दिला तो तमिळ मुलखात आणि गुजरातेत. इथे दिला तो पेव्हर ब्लॉक.

मैत्रिणीच्या सुतारकाम करणाऱ्या काकांनी खोली मोजली. वीस बाय तीस फूट, प्लाय आणि बत्त्या धरून दोन-सव्वादोन लाख. आपल्या त्या दिवशीच्या मांडवाला साडेचार लाख लागले असं ऐकते. पावती मी पाहिलेली नाही. कमान वेगळी.

येत्या २६ जानेवारीला आपण पुन्हा येताय. स्वागतनृत्य आहेच, चौकातच. माझ्या जागी पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहणार आहे, सतरा वर्षांची, हौशी, पाय जोरात आपटते. मी तिला सांगून ठेवलंय, मंत्री येईपर्यंत सावलीत बस, पोशाख चुरगळला तर चुरगळू दे. आणि चौगुन घेऊ नकोस, दुगुनवरच थांब. आपल्याला फरक कळणार नाही.

आपली,
डावीकडून तिसरी