टीसीच्या अर्जातलं ‘घरगुती अडचण’

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनच्या रांगा, कटऑफ, कुठल्या कॉलेजला किती जागा यावर पेपरात पानंच्या पानं येतात, पण ॲडमिशन घेतलेली पोरं दिवाळीनंतर कुठं गायब होतात यावर काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी तालुक्याच्या एका सीनियर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, बावीस वर्षं झाली. ॲडमिशन, परीक्षा फॉर्म, स्कॉलरशिप आणि शेवटी टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळं माझ्याच टेबलवरून जातं.

या जानेवारीत बी.एस्सी. पहिल्या वर्षाची एक मुलगी वडिलांना घेऊन टीसी न्यायला आली. अर्जात ‘कॉलेज सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो, तिथं तिनं पेन टेकवला आणि थांबली, काय लिहू म्हणून माझ्याकडं बघायला लागली. मी सवयीनं म्हणालो, लिही ‘घरगुती अडचण’. तिनं लिहिलं. वडील टोपी हातात धरून बाजूला उभे होते. का कोण जाणे पण त्या दिवशी मी विचारलं, बाळा खरं काय झालं सांग. तर म्हणाली सर आमच्या गावाहून सकाळची साडेसहाची गाडी जुलैतच बंद झाली, पुढची गाडी कॉलेजला पावणेनऊला पोचवते, आठचा मॅथ्सचा तास रोज बुडायचा. मग मॅथ्स समजेना, टेस्टला जवळजवळ कोरा पेपर दिला, मग बाकीच्या तासांना बसायची पण लाज वाटायला लागली आणि गणपतीनंतर यायचंच बंद झालं. घरचे म्हणाले मग भाड्याचे पैसे तरी कशाला घालवायचे.

ती गेल्यावर मी हजेरीची मस्टर मागवली. प्रत्येक विषयाचं मस्टर वेगळं असतं, ज्याच्या त्याच्या प्राध्यापकाकडं असतं. मॅथ्सच्या मस्टरला तिच्या नावापुढं नुसती गैरहजेरी, ओळीनं, आणि त्याच तारखांना फिजिक्स-केमिस्ट्रीला हजर. ऑगस्टचं अख्खं पान असंच. म्हणजे पोरगी रोज कॉलेजात येत होती, फक्त पहिल्या तासाला नव्हती, आणि हे दिसायला दोन मस्टर शेजारी शेजारी ठेवायची एवढंच काम होतं. ते कुणी केलं नाही. मीही नाही. मॅथ्सच्या सरांना वाटलं पोरगी येतच नाही, बाकीच्यांना वाटलं येतेय की. यात घरगुती काय होतं सांगा. पण आमचं टीसीचं रजिस्टर उघडून बघाल तर बावीस वर्षांत पोरांनी कॉलेज सोडलं ते ‘घरगुती अडचण’ नाहीतर मुलीचं असेल तर ‘लग्न’, तिसरं कारणच नाही.

कुठलं पोरगं सुटणार हे ऑगस्टअखेर कॉलेजला माहीत असतं, फक्त ते तुकड्या-तुकड्यांत माहीत असतं. हजेरी प्राध्यापकाकडं, टेस्टचे मार्क परीक्षा विभागाकडं, एकदाही पुस्तक न नेलेलं लायब्ररी कार्ड ग्रंथपालाकडं, फीचा राहिलेला हप्ता कॅशियरकडं, आणि सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ‘सेंट बॅक’ होऊन पडलेला स्कॉलरशिपचा अर्ज माझ्याकडं. सेंट बॅक म्हणजे कागदात त्रुटी आहे, दुरुस्त करून परत पाठवा, पण पोरांना वाटतं अर्ज रद्द झाला, मग ती लॉगिनच करत नाहीत. हे पाच जण एका टेबलवर एक तास बसले तरी यादी तयार होते.

मेंटर-मेंटी योजना आहे की, म्हणजे प्रत्येक प्राध्यापकाकडं लक्ष ठेवायला काही पोरं दिलेली असतात, असं कुणी म्हणेल. आहे, कॉलेजांची तपासणी करून दर्जा देणाऱ्या नॅकला एका मेंटरमागं किती विद्यार्थी ते दाखवावं लागतं म्हणून प्रत्येक कॉलेजात फाईल आहे. पण नॅकची तारीख आली की वर्षभराच्या भेटी एका बैठकीत, एकाच पेनानं लिहून झाल्या असं व्हायला नको ना. प्राध्यापकांनाही नुसता दोष देता येत नाही, निम्मी माणसं तासिका तत्त्वावर, तास झाला की दुसऱ्या कॉलेजला पळायचं, ज्या तासाचे पैसे नाहीत त्या तासात पोराला फोन करा असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार.

शाळेचं बघा. पोरगं आठ-पंधरा दिवस आलं नाही तर गुरुजी वस्तीवर जातात, बालरक्षक आहेत, शाळाबाह्य मुलांचे सर्वे होतात, कायदा आहे. तेच पोरगं अठरा वर्षांचं झालं आणि कॉलेजला आलं की महिनाभर आलं नाही तरी साधा फोन जात नाही. आता २०२४-२५ पासून आपल्याकडं सगळ्या कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं, एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, चांगलंच आहे, पण जी पोरगी पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेलाच बसली नाही तिच्या हातात काय पडणार?

फेब्रुवारीत मी आणि आमचे एक सर बसलो, पहिल्या वर्षाची सगळी मस्टर आणि परीक्षा फॉर्मच्या याद्या एकत्र मांडल्या आणि संध्याकाळी फोन लावायला सुरुवात केली. एक पोरगा चाकणला कंपनीत लागला होता, म्हणाला सर फीचे अडीच हजार जमले की येतो. एकाला वाटत होतं फॉर्मची तारीख गेली म्हणजे वर्ष गेलं, लेट फी भरून फॉर्म भरता येतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका मुलीला केमिस्ट्रीचं पुस्तक इंग्रजीत वाचताच येत नव्हतं, जुनियरला सगळं मराठीत समजावून सांगायचे. काही परत आली, दुसऱ्या सेमिस्टरचे फॉर्म भरले. बरीच नाही आली, उशीर झाला होता. हेच ऑगस्टमध्ये केलं असतं तर.

आमच्या त्याच सरांनी सांगितलं, अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिथं २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या मार्कांवर, विषयांच्या निवडीवर कॉम्प्युटर रोज लक्ष ठेवतो आणि काही बिघडलं की सल्लागार लगेच बोलावून घेतो, आणि थोड्याशा फीपायी नाव कापायची वेळ आलेल्या पोरांचे तेवढे पैसे युनिव्हर्सिटीच भरते. आपल्याला एवढं सॉफ्टवेअर नको, एक्सेलची एक शीट पुरते. आणि थोड्या पैशांचं म्हणाल तर ते आपल्याला नवं नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ याच मातीत उभं केलं. बारावीपर्यंत गावाकडच्या पोरींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो, सीनियरला आलं की पासाला पैसे लागतात, तेवढ्यावरून सुद्धा पोरी घरी बसतात हो.

माझं विद्यापीठांना आणि उच्च शिक्षण संचालनालयाला एवढंच मागणं आहे की ॲडमिशनची आकडेवारी जशी मागता तशी ३१ ऑगस्टला प्रत्येक कॉलेजकडून पहिल्या वर्षाची अडचणीतल्या पोरांची यादी मागा, कुणाला फोन केला, कारण काय निघालं, काय केलं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना या कामाचे आठवड्याला दोन तास धरा आणि त्याचे पैसे द्या. आणि त्या याद्या भिंतीवर लावू नका, वर्गात वाचून दाखवू नका, पोरगं लाजेनंच पळतं, ते पुन्हा व्हायला नको.

डेपोला प्राचार्यांच्या सहीचं पत्र मी मार्चमध्ये स्वतः नेऊन दिलं. साडेसहाची गाडी परत सुरू झालीये. त्या मुलीचा नंबर टीसीच्या अर्जावर आहे, जूनमध्ये ॲडमिशन उघडल्या की पहिला फोन तिच्या वडिलांना लावणार आहे.

आपला,
एका तालुक्याच्या कॉलेजातला ऑफिस क्लार्क