'अ‍ॅडजर्न'च्या पोटात तारीख असते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात जमिनीच्या एका दाव्याची बातमी होती. मथळा : 'सुनावणी बेमुदत तहकूब'. आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत पुढची तारीख, २२! मुदत दिली आहे तर बेमुदत कशी? वकिलांच्या तोंडून वार्ताहराने 'अ‍ॅडजर्न', म्हणजे नुसते तहकूब, ऐकले आणि 'बेमुदत' पदरचे घातले, असे दिसते. सौ. म्हणाली, सोडून द्या. पण तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून माझी ३१ वर्षे रोजनामा, म्हणजे दाव्यात त्या-त्या दिवशी काय झाले त्याची नोंद, लिहिण्यात गेली. 'अ‍ॅडजर्न' हा शब्द मी जितक्यांदा लिहिला, तितक्यांदा स्वतःची सहीसुद्धा केली नसेल.

जुन्या फ्रेंचमध्ये 'नेमलेल्या दिवशी' अशा अर्थाचा एक वाक्प्रयोग होता, त्यातून हे क्रियापद झाले आणि पुढे इंग्रजीत आले. त्यातला 'जर्न' म्हणजे फ्रेंच 'जूर', दिवस. हा जूर लॅटिनमधल्या 'दिएस'च्या घराण्यातला आणि दिएस आपल्या 'दिवसा'चा लांबचा भाऊबंद. म्हणजे मूळ काम दिवस नेमून देण्याचे. पुढे ढकलणे हा अर्थ नंतर चिकटला. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७, नियम १ तरी वेगळे काय सांगतो? सुनावणी तहकूब केली, तर न्यायालयाने पुढचा दिवस ठरवून द्यावा. (एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, असेही त्याच नियमात २००२ पासून आहे. मुदतीचे अर्ज मी मोजत बसलो नाही, हे बरे.)

गंमत पुढेच आहे. 'जर्नल' हाही त्याच जूरमधला, रोजची नोंद. आमचा 'रोजनामा' फारसीतला, तिथे रोज म्हणजे दिवस. म्हणजे ३१ वर्षे मी जर्नलात 'अ‍ॅडजर्न' लिहीत होतो आणि ते मला उमगले निवृत्तीनंतर, नातीचा शब्दकोश चाळताना!

बेमुदतीसाठी निराळा शब्द आहे. आम्ही कोर्टात त्याला 'सायनी डाय' म्हणायचो. लॅटिनमध्ये 'दिवसाविना'. पुन्हा तोच दिएस. संसदेचे अधिवेशन संपताना अध्यक्ष सभागृह असेच तहकूब करतात. तिथे 'बेमुदत' खुशाल छापा.

डोंगराकडचे एक म्हातारे वाटपाच्या दाव्यासाठी पहाटेच्या एसटीने यायचे. पट्टेवाल्याने पुकारा केला, तारीख पडली, की थेट माझ्या टेबलाशी. चुन्याच्या डबीखाली दुमडलेला कागद पुढे करायचे. "भाऊसाहेब, कंची?" मी तारीख लिहून द्यायचो. साहेब काय म्हणाले, वकिलांनी काय अर्ज दिला, यातले काही त्यांनी कधी विचारले नाही. 'तहकूब' हा शब्दही त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. 'तारीख पडली' एवढेच. फ्रेंच माणसाच्या मूळ अर्थाशी आमच्या छापील 'तहकूब'पेक्षा तेच जास्त इमानदार होते, असे आता वाटते.

एकदा वरच्या कोर्टाचा स्टे आला आणि त्यांचा दावा सायनी डाय ठेवला गेला. कागद पुढे आला, मी पेन उघडून तसाच बसलो. म्हटले, "बाबा, आता तारीख नाही. नोटीस येईल." ते बराच वेळ उभे राहिले. "तारीख न्हाई? मंग दावा मेला म्हना की."

म्हणून विनंती एवढीच, की तारीख ठरलेली असेल तर मथळ्यात 'पुढील सुनावणी २२ला' असे छापावे. गावाकडचा माणूस मथळा वाचूनच कोर्टात जायचे की नाही ते ठरवतो.

आपला,
एक निवृत्त बेंच क्लार्क, वाई