दिन्या, त्या करारावर तुझा अंगठा आहे

धायरी, 8 जून

प्रिय दिन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच हसायला लागतोस आणि मग मला राग येतो, म्हणून पत्र. दिवाळीपासून तुला एक ओळ टाकली नाही, हे चुकलंच. माझी शुगर आहे तशीच आहे, एक गोळी वाढलीय, नलूचे गुडघे कुरकुरतात. प्रकृतीचं एवढंच.

नऱ्ह्याच्या फ्लॅटमध्ये जावई बसलाय. भाडेकरूचं हे नाव नलूनं ठेवलं. भाडं मागायचं नाही, विजेचं बिल आपणच भरायचं आणि 'निघा आता' म्हणायची सोय नाही, म्हणून जावई. तुला तो आठवत असेलच. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्याही नाही, त्याच्याही आधीच्या संक्रांतीला तू आला होतास. एजंट लॅपटॉप आणि ते अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, दुसरा साक्षीदार ऐन वेळी गायब, म्हणून तुलाच खुर्चीत बसवून फोटो काढला आणि अंगठा घेतला. नंतर गुळपोळी खात तू काय म्हणालास? "बाळ्या, माणूस सज्जन आहे. बूट बघ कसे जोडीनं काढून ठेवलेत." अजून तसेच ठेवतो. माझ्याच दाराबाहेर.

22 महिन्यांचा करार, 14,000 भाडं, 40,000 डिपॉझिट. पहिले एकवीस महिने चोख हां, पाच तारखेच्या आत. ऑक्टोबर संपला आणि सुरू झालं. आधी सासऱ्यांचं ऑपरेशन. मग कंपनीनं पगार लांबवला. मग बँकेचं ॲप बंद. मग म्हणाला, "काका, डिपॉझिटमधून वळते करून घ्या ना." म्हटलं, डिपॉझिट तीन महिन्यांतच संपतं रे बाबा, आणि जाताना भिंती काय तू रंगवणार? नोव्हेंबरअखेर करारही संपला. नवा करायला एजंटचे पैसे द्यायला नकोत म्हणून मीच 'बघू पुढच्या महिन्यात' करत बसलो. हसू नकोस. तुझी कंजुषी मला माहीत आहे, मेसच्या वहीत तू एका ताकाचे दोघांत हिशोब लिहायचास.

सात महिन्यांचे 98,000. मधून मधून दोन हजार, दीड हजार, एकदा तीन हजार असे फोनवर टाकले, ते साडेसहा वजा. डिपॉझिट वळतं केलं तरी 51,500 त्याच्याकडे निघतात. पैसे नाहीत असंही नाही. मे महिन्यात कुटुंबकबिला गोव्याला जाऊन आला, समुद्रात उभं राहून काढलेले फोटो स्टेटसला. ते फोटो मी पाहतोय हे त्याला दिसतं, तरी ठेवतो.

खरी गंमत पुढेच आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी सातला गेलो. बेल दाबली, आत टीव्ही चालू होता तो गप्प झाला. मग पावलं, कुजबुज, आणि ती सहा वर्षांची पोर दारामागून म्हणाली, "बाबा घरी नाहीत. आईनं पण सांगितलंय, आई पण नाहीये." दिन्या, मला एकदम आपल्या जुन्या घरमालकीण आक्कांचा जिना आठवला. तिसरी पायरी. ती करकरली की आपण दिवा मालवून कॉटखाली, आणि तोंड द्यायला नंदू पुढे, "पोरं अभ्यासिकेत गेलीयत आक्का." तोंडात श्रीखंडाची गोळी! तसाच तिथून खाली उतरलो, एक अक्षर न बोलता. नलू म्हणाली, कसले हो तुम्ही मालक.

आपण तेव्हा काय म्हणायचो, म्हातारीला पैशाचा काय उपयोग, अख्खा वाडा तिचा आहे. वाडा तिचा होता, पण 1947 च्या भाडे कायद्यानं खालची सगळी बिऱ्हाडं जुन्या भाड्यात गोठलेली. मागच्या चौकातले तीन खोल्यांचे 11 रुपये द्यायचे, तेही मनीऑर्डरनं, कारण तिनं हातात घेतले नाहीत. स्मॉल कॉज कोर्टात चकरा मारून तिच्या चपला झिजल्या. तिचं घर चालायचं ते आपल्यासारख्या पोरांच्या नव्वद रुपयांवर. हे मला आत्ता कळतंय, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

आणि आक्कांना द्यायच्या त्या 180 रुपयांचं सांगून टाकतो. तू आजतागायत म्हणतोस मी घालवले, मी म्हणतो तू पन्हाळ्याला उडवलेस, यावरून नंदूच्या लग्नात आपण पंगतीत भांडलो. ते मीच घालवले. जुनी लूना घ्यायला टोकन दिलं होतं, लूना मिळालीच नाही आणि टोकनही गेलं. आता चिडू नकोस, पुढे वाच.

तर सल्ले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याचा कॉक फिरवा, आठ दिवसांत पळतो." पुतण्या म्हणाला, "काका, दोन पोरं पाठवू का, नुसती सोफ्यावर बसतील." तो बाहेर असताना कुलूप बदला असं सांगणारेही निघाले. चौकीवर गेलो तर "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून चहा पाजून परत पाठवलं. शेवटी वकीलबाई गाठल्या. त्यांनी पहिल्यांदा मलाच झापलं. पाणी किंवा वीज तोडलीत तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 तो तुमच्यावरच लावायला बघेल. कुलूप बदललंत तर तो सहा महिन्यांत कोर्टातून ताबा परत मागेल, आणि वर बिचारा ठरेल. म्हणून महावितरणचं 2,340 चं बिल मी भरलं. पंख्याखाली तो, घाम मला.

मग त्यांनी करार मागितला, आणि दिन्या, त्या नोंदणीच्या कागदाकडे बाई अशा बघायला लागल्या जशी नलू पैठणीकडे बघते. म्हणाल्या, नोंदणी झाली नसती तर भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, आणि शिक्षा मालकाला. तुमचा लिव्ह लायसन्स लेखी आहे, मुदत संपलेली आहे, म्हणजे कलम 24 खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. कोर्टाच्या रांगेत नाही. मुदतीनंतर जितके दिवस बसला तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं मागता येते, महिना 28,000. नलूनं तिथल्या तिथे बोटं मोजली.

फक्त त्या फुटकळ पैशांवरून बाई तापल्या. "मुदत संपल्यावर घेतलेत कशाला? उद्या तो म्हणेल, मला तोंडी भाडेकरू करून घेतलं." आता काही पाठवलं तर लगेच उलट निरोप धाडायचा, हे भाडं नव्हे, जागा वापरल्याच्या भरपाईपोटी. तसा निरोप मी पाठवला. त्यानं अंगठा पाठवला, तो पिवळा. तेव्हापासून एक रुपया नाही. नोटीस 'दरवाजा बंद' शेऱ्यानं परत आली, बाई म्हणाल्या पाकीट फोडू नका, तसंच जपून ठेवा. गणपतीच्या पावत्यांच्या डब्यात ठेवलंय.

अर्ज गेलाय. समन्स हातात पडल्यापासून 30 दिवसांत त्यानं लढायची परवानगी मागायची, नाही मागितली तर हुकूम आपल्या बाजूनं. तो मागेल, बघ. मुदत संपायच्या आधीची थकबाकी वेगळी, तिचा दावा तीन वर्षांच्या आत टाकला तरी चालतो, असं बाई म्हणतात. पोरीची शाळा पंधराला सुरू होते, ते मनातून जात नाही. नलूला बोललो तर म्हणाली, गोव्याला गेले तेव्हा पोरीची फी नव्हती का आठवली. तिचंही खरंच.

साक्षीदाराची गरज पडणार नाही म्हणतात, कागदच पुरेसा आहे. तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येशील का? आधारची झेरॉक्स घेऊन ये. मला त्या ऑफिसच्या बाकावर एकट्यानं बसवत नाही, सारखी आक्कांची चपलांची जोडी दिसते.

चिन्याचं लग्न ठरलं म्हणे, नंदूकडून कळलं, तू सांगितलं नाहीस. मुलगी काय करते? तुझ्या ग्रॅच्युइटीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं शेंगदाण्याची चटणी पाठवा, मागची संपून सहा महिने झाले.

तुझा,
बाळ्या

ता. क. परवा रात्री जिन्यात समोरासमोर आलाच. मी काही बोलायच्या आत म्हणतो, "काका, तुमचे ते सोलापूरचे मित्र बरे आहेत ना? फार मोकळा माणूस." हस आता.