फोर-व्हील ड्राइव्हने गाडी थांबत नाही

महोदय,

एखादी एसयूव्ही उलटल्याची किंवा पाण्यात वाहून गेल्याची बातमी आली की ‘एवढी दणकट गाडी असून?’ असं लोक हमखास विचारतात. मी गाडी चालवायला शिकवतो. माझा अनुभव असा, की गाडी दणकट आहे या भरवशावरच माणूस नको तिथे जातो.

फोर-व्हील ड्राइव्हमुळे, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळाल्यामुळे, गाडी चिखलातून, वाळूतून, ओल्या चढावरून निघते. थांबताना मात्र तिचा जवळपास काहीच उपयोग होत नाही, कारण ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. उलट निसरड्यावरही गाडी सरळ, न घसरता वेग घेते. त्यामुळे रस्त्याला पकड नाही, हे पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर कळतं.

मी शिकाऊंना मोकळ्या ओल्या मैदानावर नेतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ब्रेक मारून गाडी थांबली तिथे खूण करायची, मग ६० ला. दुसरी खूण कुठे पडेल, असं विचारलं की बहुतेक जण ‘दीडपट’ म्हणतात. ती सव्वादोन पटींवर पडते आणि ८० च्या वेगाला चौपट अंतर लागतं. शिवाय त्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळंच. टायर झिजले असतील तर ओल्या रस्त्यावर हा हिशोब आणखी बिघडतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा झाली. मी त्याच्या कितीतरी आधी टायर बदलायला सांगतो.

उंचीबद्दलही बोललं पाहिजे. उंच बसल्यावर लांबचं दिसतं आणि वेग कमी वाटतो, पण गाडीचा गुरुत्वमध्यही वर गेलेला असतो. त्यात टपावर सामान लादलं, एक बाजू कच्च्या कडेवर उतरली आणि घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, की गाडी कलंडते. चाक खाली उतरलंच तर आधी वेग उतरू द्यावा, मग सावकाश वर घ्यावं.

उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. इंधन वाचवायच्या नादात इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावं. फार तीव्र, निसरडा उतार असेल आणि गाडीत लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) असेल, तर ती तिथेच वापरायची.

पाण्याचा धोका सर्वांत फसवा. एसयूव्हीचा तळ ढोबळमानाने आठ चौरस मीटर धरला, तर तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर पाण्याला सुमारे आठशे किलो वजन उचललं जातं, निदान पाणी आत शिरेपर्यंत तरी. म्हणून वाहतं पाणी साठ सेंटिमीटर खोल असलं तरी दोन टनांची गाडी जागा सोडू शकते. कंपनी पाण्याची जी खोली सांगते, ती संथ पाण्यात हळू चालवण्यासाठी असते. पाण्याखालचा रस्ता खचलाय का, हे गाडीत बसून दिसत नाही. मग परत फिरायचं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकू शकतो.

एक विनंती आहे. नव्या गाड्यांची माहिती छापताना ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगातून थांबायला किती मीटर लागतात आणि संथ पाण्याची मर्यादा किती, हे दोन आकडे मिळवून किमतीशेजारीच छापावेत. ते मी शिकाऊंना कात्रण काढून आणायला सांगेन.

— एक वाहनचालन प्रशिक्षक