धान्य होते, वाघिणी नव्हत्या

संपादक महाशय,

‘रशियात अन्न संपले म्हणून 1917 साली झार पडला’ असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. दार्दानेल्सची सामुद्रधुनी तुर्कांनी 1914 मध्येच बंद केल्याने परदेशी जाणारा गहू देशातच राहिला होता. सरकारने धान्याचे भाव बांधून दिले. कापड, खिळे, घासलेट मात्र मोकाट. कागदी रूबलला बाजारात काही येईना, तेव्हा शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी गुरांपुढे टाकले.

खरी गोची रेल्वेची. पहिल्या महायुद्धापूर्वी पेत्रोग्राडला (तेव्हाची राजधानी, आजचे सेंट पीटर्सबर्ग) इंग्लंडचा कोळसा बोटीने येई. बाल्टिकची वाट बंद झाल्यावर तो हजारावर किलोमीटर लांबच्या दोनबासहून (दक्षिणेकडचा कोळसा-प्रदेश) आणावा लागला आणि मालगाडीच्या वाघिणी त्यातच गुंतल्या. 1916-17 च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने इंजिनांचे बॉयलर फुटले. पीठ पोचलेच तर बेकरीच्या भट्टीला जळण नसे. वर रेशनकार्डांची आवई उठली. ज्याला जमेल तो पाव साठवू लागला.

22 फेब्रुवारीला (जुनी रशियन कालगणना, आपला 7 मार्च; पुढच्या तारखाही जुन्याच) पेत्रोग्राडच्या पुतिलोव कारखान्यात टाळेबंदी झाली. दुसऱ्या दिवशी शहराच्या व्हिबोर्ग भागातल्या गिरणी कामगार बायका संपावर उतरल्या; 25 तारखेपर्यंत संपकरी दोन लाखांवर गेले. तरीही एवढ्याने गादी जात नसते. 1905 मध्येही संपाने देश ठप्प झाला होता, पण सैन्याचा मोठा भाग हुकमात राहिला आणि झार तरला.

या वेळी 25 च्या रात्री झारने मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयातून राजधानीतल्या फौजेचा प्रमुख जनरल खबालोव्हला तार केली: राजधानीतले दंगे उद्याच थांबवा. तोवर बहुतांशी चाबूक आणि घोड्यांवर भागत होते, आता गोळीबार आला. पण गोळ्या झाडायच्या कोणी? कसलेले गार्ड सैनिक आघाडीवर खपले होते. राजधानीच्या बराकींत राखीव पलटणींचे अर्धशिक्षित रंगरूट कोंबलेले, आघाडीवर जायच्या धास्तीने आधीच बिथरलेले. रविवारी, 26 ला, व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात गर्दीवर गोळ्या चालवल्या. सोमवारी सकाळी त्याच तुकडीने बाहेर पडायला नकार दिला, तिच्या कॅप्टनला गोळी लागून तो ठार झाला आणि शिपाई शेजारच्या बराकी उठवायला निघाले.

पुढचे काम सेनापतींनीच केले. झारचा सेनाप्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) अलेक्सेयेव्हने आघाड्यांच्या प्रमुखांना तारेने विचारले. उत्तरे पदत्यागाच्या बाजूने आली, कारण युद्ध चालू ठेवायचे तर झार अडचणीचा झाला होता. 2 मार्चला प्स्कोव्हला उभ्या असलेल्या आगगाडीत झार निकोलसने पदत्यागावर सही केली. दुसऱ्या दिवशी भाऊ मिखाईलने मुकुट नाकारला. मिखाईलच्या जिवाची हमी द्यायलाही कोणी तयार नव्हते.

— इतिहासाचा एक वाचक